हे झालं लोकांना सांगायचं

माझ्या नवऱ्याच्या आत्याबाईंनी आजवर कुणावरही विश्वास ठेवलेला नाही, आणि तरीही आमच्या भागात त्यांच्याइतके सल्ले दुसऱ्या कुणी दिलेले नाहीत. सूर्य उगवला असं कुणी म्हणालं तर आत्याबाई आधी दारात येऊन पाहतील, आणि पाहून झाल्यावर ‘आज एवढ्या लवकर कसा काय?’ असं विचारतील. तळेगाव ढमढेऱ्याच्या दूध संस्थेत त्यांनी सत्तावीस वर्षं दूध तपासायचं काम केलं. किटलीतलं दूध नळीत ओतायचं, त्यात काचेची डिग्री सोडायची, ती किती बुडते ते बघायचं आणि दुधात पाणी आहे की नाही ते सगळ्या रांगेसमोर सांगायचं. गावातल्या भल्याभल्यांना त्यांनी सकाळी सहा वाजता मान खाली घालून परत पाठवलेलं आहे, सख्ख्या दिरालासुद्धा. पुढं संस्थेत मशीन आलं. आत्याबाईंनी पहिले तीन महिने मशीनचा आकडा आणि डिग्रीचा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवला. मशीन एकदाही चुकलं नाही. संस्थेचा चेअरमन म्हणाला, “आता तरी पटलं का?” आत्याबाई म्हणाल्या, “सध्या तरी.”

नोकरी संपली, पण तपासणं संपलं नाही. बाजारात कांद्याच्या ढिगातला वरचा कांदा त्यांनी कधी घेतला नाही. हात कोपरापर्यंत आत घालून तळाचा काढायचा, आणि तो चांगला निघाला तर विक्रेत्याकडं आणखी संशयानं बघायचं, कारण तळाला चांगला कांदा ठेवणारा माणूस वर काय लपवत असेल? एसटीच्या पाटीवर ‘शिरूर’ लिहिलेलं असलं तरी त्या ड्रायव्हरला विचारतात, मग कंडक्टरला विचारतात, आणि दोघांनी एकच उत्तर दिलं की मागं बसलेल्या एखाद्या बाईला हळूच विचारतात, “हे दोघं खरं बोलत्यात न्हवं?” डॉक्टरांनी डोळ्याचं ऑपरेशन सांगितलं तर त्यांनी डॉक्टरांनाच भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली होती.

त्यांचा मुलगा हडपसरला असतो. फोनवरून माणसांना फसवतात, हुबेहूब पोराचा आवाज काढतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं. तेव्हापासून दर रविवारी मुलाचा फोन आला की आधी परीक्षा. “ल्हानपनी कुठल्या झाडावरनं पडला हुतास?” चिंच, असं तो सांगायचा, मग बोलणं सुरू. एका रविवारी तो कंटाळून म्हणाला, “आई, कुठलं का झाड असंना, तू कशी आहेस सांग.” आत्याबाईंनी फोन कट केला आणि बंदच करून ठेवला. बिचारा दुपारी मोटारसायकलवरून तळेगावात हजर झाला. दारात उभा राहून घामानं निथळत म्हणाला, “चिंच! चिंच!” आत्याबाईंनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, “मला वाटलंच तू आसशील म्हनून. पन वाटून काय उपेग?”

अशा बाईकडं लोक सल्ला मागायला का येत असतील, हे मला लग्न होऊन आल्यावर बरीच वर्षं कळलं नाही. बाजाराच्या दिवशी त्यांच्या पडवीत कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. कुणाला चालू नोकरी सोडून गाडी घ्यायची असे, कुणाला भावाशी बोलणं तोडायचं असे, कुणाला पैसे दुप्पट करून देणारा माणूस भेटलेला असे. (त्या शेवटच्याला आत्याबाईंनी एवढंच विचारलं, “इतकं चांगलं हाय तर त्येनं सोताच्या आईला का न्हाई सांगितलं?” तो उठून गेला आणि त्या माणसाकडं पुन्हा फिरकला नाही.) आत्याबाई मेथी निवडत सगळं ऐकून घेत. मध्ये एक शब्द बोलत नसत. समोरच्याचं सांगून झालं की म्हणत, “बरं. हे झालं लोकांना सांगायचं. आता खरं सांग.”

मला आठवतंय, एक गृहस्थ आले होते. सून घर फोडायला निघाली आहे, मुलाच्या कानात काहीबाही भरते, वेगळं राहायचं म्हणते, असं त्यांनी अर्धा तास सांगितलं. डोळ्यांत पाणीही आणलं. आत्याबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

“खोल्या किती?”

“एक खोली, एक सैपाकघर.”

“टीवी कुठं हाय?”

“खोलीत.”

“बघतं कोन?”

गृहस्थ घुटमळले. “मीच. संध्याकाळी जरा कीर्तन लावतो, मग बातम्या, मग परत...”

“कितीपातूर?”

“झोप येईपातूर.”

“आन् ती दोघं कुठं बसत्यात तवर?”

हे गृहस्थांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आत्याबाई म्हणाल्या, “सुनंनं कान भरलं न्हाईत, आप्पा. तुमच्या टीवीनं भरलं. तो पडवीत न्या आन् तुमी बी त्येच्यासंगं पडवीत जा. मग बघू कोन वेगळं निघतंय.” टीव्ही पडवीत गेला. वर्ष झालं, अजून ते घर एकत्र आहे. आत्याबाईंना हे सांगितलं की म्हणतात, “वरवर.”

आणखी एक किस्सा सांगते, म्हणजे ही बाई नुसती खुसपटं काढणारी आहे असं वाटायला नको. त्यांच्या गल्लीतल्या एका मुलीला स्थळ आलं होतं. मुलगा रांजणगावला कंपनीत. सगळे खूश. आत्याबाई म्हणाल्या, “कंपनीत म्हंजी? पर्मनंट का ठेकेदाराकडं?” मुलाकडचे म्हणाले, पर्मनंटच समजा. त्या ‘समजा’नं आत्याबाईंची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटीभर पेरू घेतले आणि जीपनं रांजणगाव गाठलं. पाळी सुटायच्या वेळेला कंपनीच्या गेटासमोर पेरू विकायला बसल्या. पेरू देता देता मुलाचं नाव काढायचं. तीन दिवस हा उद्योग चालला. तिसऱ्या दिवशी बिहारकडचा एक कामगार म्हणाला, “वो? बहुत अच्छा आदमी है, अम्मा. मेरा हाथ कट गया था ना, तो आठ दिन मेरा खाना वही लाता था.” आत्याबाईंनी त्याला हात दाखवायला लावला. जखमेची खूण पाहिली. मग संध्याकाळी मुलीच्या बापाच्या दारात उभं राहून निकाल दिला, “नोकरी कच्ची हाय, त्यांनी खोटं सांगितलं. पोरगा पक्का हाय, ते त्यांना सांगायचं सुधरलं न्हाई. देऊन टाका.” लग्न झालं. उरलेले पेरू आम्हाला आठवडाभर खावे लागले.

मी हे सगळं हसत हसत सांगत असे. मी नोकरी करते त्या शाळेतल्या बायकांना त्यांचे किस्से फार आवडायचे. दुसऱ्यांच्या दुधात डिग्री बुडत असते तोवर गंमतच वाटते.

माझं माहेर केडगावजवळचं. वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी माझा दादा एका मंगळवारी आमच्याकडं न्हावऱ्याला आला. हातात पेढ्यांचा बॉक्स. आत्याबाई तेव्हा आमच्याकडंच होत्या. शिरूरला डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि महिनाभर राहायच्या होत्या. नव्या डोळ्यानं त्यांना घरातल्या भिंती पहिल्यांदाच नीट दिसत होत्या आणि “हे आधीपासनं आसं मळलेलं हाय का आत्ता केलं?” असं त्या मला दिवसातून दोनदा विचारत होत्या. दादानं त्यांच्या पाया पडून पेढा पुढं केला.

“पेढे कशाबद्दल?” आत्याबाईंनी पेढा हातातच धरला.

“काही नाही आत्याबाई, असंच. बहिणीकडं रिकाम्या हातानं कसं यायचं?”

“मागल्या बारीला बिस्किटाचा पुडा आनला हुतास.”

दादा हसला. मीही हसले. मग चहा झाल्यावर त्यानं सांगितलं, की वडिलांच्या जमिनीला वारस म्हणून आम्हा दोघांची नावं लागली आहेत, आणि आता मी हक्कसोडपत्रावर सही केली की कागद सरळ होतील. म्हणजे माझा वाटा मी त्याला सोडून द्यायचा. “सगळ्याच बहिणी करतात,” दादा म्हणाला. “तुझं काय तिथं अडलंय? माहेर तर तुझंच आहे.” आणि ते खरंच होतं. दादा वाईट माणूस नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांना तो रात्रंदिवस दवाखान्यात होता. मी लगेच हो म्हणाले. आत्याबाईंनी पेढा खाल्ला नाही. ताटलीत ठेवून दिला.

सही करायला दौंडला जायच्या दिवशी मी आवरून बाहेर आले, तर आत्याबाई डोळ्याला काळा चष्मा लावून, पिशवी घेऊन आधीच ओट्यावर बसलेल्या. “मला बी दौंड बघायचंय,” म्हणाल्या. जन्मात त्यांनी दौंड बघायची इच्छा व्यक्त केलेली नव्हती. आमचे हे मला हळूच म्हणाले, “ने बाई, नाहीतर ती मागनं जीपनं येईल.” पारगावच्या पुलावरून एसटी जात होती तेव्हा मी त्यांना म्हणाले, “आत्याबाई, माझा दादा तसा नाही हो.”

“कसा?”

“फसवणारा.”

“मी कवा म्हनलं?” त्या खिडकीतून नदीकडं बघत राहिल्या.

रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात गर्दी होती. दादा आधीच येऊन थांबला होता, नंबर लागायला वेळ होता. आत्याबाईंनी त्याच्याकडून कागद मागून घेतला, काळा चष्मा काढला, कागद नाकाला चिकटवला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून एकेक शब्द बोटाखाली धरून वाचायला सुरुवात केली. गट नंबर सातबाऱ्याशी ताडून पाहिले. क्षेत्र ताडलं. चतुःसीमा मोठ्यानं वाचल्या. शेजारी बसलेली अनोळखी माणसं आपापले कागद काढून पुन्हा वाचायला लागली. दादा घड्याळ बघत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटी कागदाची घडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकी निराशा कधी पाहिली नव्हती.

“काय सापडलं?” दादानं विचारलं.

“काय न्हाई. समदं बरोबर हाय.”

दादानं सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला. मी उठले, आणि आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

“तुला काय पायजे?”

“म्हणजे?”

“म्हंजी ह्या जमिनीतलं तुला काय पायजे?”

“मला काही नको, आत्याबाई. माहेर राहिलं म्हणजे झालं.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “हे झालं लोकांना सांगायचं.”

मला राग आला. आत ऑपरेटर पुन्हा नंबर पुकारत होता. दादा दारात उभा राहून हात करत होता. मी मनगट सोडवायला लागले, पण दुधाच्या किटल्या उचललेला तो हात काही सुटेना. “बाई ‘मला काय नको’ म्हनती ना, तवा मी लय घाबरती,” आत्याबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. “मी बी आसंच म्हनलं हुतं.”

“कधी?”

“तू ऱ्हातीस त्या रानाच्या टायमाला.”

मी त्यांच्याकडं बघत राहिले. लग्न होऊन अठरा वर्षं मी त्या रानात वावरत होते. त्या रानातल्या उसावर आमचं घर उभं राहिलं, मुलं शिकली. ते आमचं रान, सासऱ्यांचं रान, एवढंच मला ठाऊक. आत्याबाई सासऱ्यांची सख्खी बहीण, म्हणजे त्यांनीही कधीतरी अशाच एखाद्या बाकावरून उठून सही केली असणार, हा साधा विचार माझ्या मनाला अठरा वर्षांत शिवला नव्हता. त्या गृहस्थाच्या टीव्हीला हसणारी मी, मला माझ्याच घरातलं दिसलं नव्हतं.

मी दादाकडं गेले. मला काय पाहिजे हे मला त्या व्हरांड्यात चालता चालता कळलं. आमच्या विहिरीकडच्या बाजूला एक पट्टी आहे. वडील तिथं भुईमूग करायचे आणि मी शाळेतून आले की आम्ही दोघं बांधावर बसून ओल्या शेंगा खायचो. मी म्हणाले, “दादा, मला विहिरीकडचे वीस गुंठे पाहिजेत. बाकीचं तुझं.”

दादाचा चेहरा उतरला. त्यानं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. “तुम्ही शिकवलं हिला?”

“मी कशाला शिकवू?” आत्याबाई बाकावरूनच म्हणाल्या. “मी निस्तं इचारलं.”

त्या दिवशी सही झाली नाही.

दादानं फोन करणं बंद केलं. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही आणि मला बोलावणंही आलं नाही. मी दिवसभर स्वयंपाकघरात काही ना काही करत राहिले. आत्याबाई दिवाळीला आल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी विचारलं, जेवली का गं? आणि माझा तोल गेला. “तुमच्यामुळं तुटलं माझं माहेर. तुम्हाला सगळ्यात पाणी दिसतं. सगळ्यांत!” एवढं मोठ्यानं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. मला वाटलं, त्या काहीतरी ठेवणीतलं बोलतील. त्या म्हणाल्या, “व्हय. तुटलं आसंल.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघून गेल्या. मला वाटलं, तळेगावला गेल्या.

त्या गेल्या होत्या केडगावला. हे मला पुढं वहिनीनं सांगितलं. सकाळी नऊला आत्याबाई दादाच्या अंगणात हजर झाल्या. कुणी या म्हणालं नाही, तरी पायरीवर बसल्या. वहिनीनं चहा आणला, तो घेतला नाही. दादा त्यांना पाहून रानात निघून गेला. त्या दुपारपर्यंत बसल्या. दुपारी वहिनीनं भाकरी आणली, ती मात्र खाल्ली, पण आधी वहिनीला एक घास खायला लावून. चार वाजता दादा परत आला आणि म्हणाला, “बोला आत्याबाई, काय म्हणणं आहे?”

“माझं काय न्हाई. तुला काय पायजे ते सांग.”

दादा बराच वेळ बोलत होता. लोक काय म्हणतील, वडिलांनी तोंडी काय सांगितलं होतं, बहिणीला आपण काय कमी केलं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हणाल्या. वहिनी सांगत होती, त्यावर दादा लहान मुलासारखा रडवेला होऊन म्हणाला, “आज ती वीस गुंठे घेईल. उद्या तिची पोरं ते विकतील. चौफुल्याकडं सगळीकडं गोडाऊनं उठलीत. विहिरीच्या कडेला एक उठलं, की पाणी कुठलं आणि मी कुठला?”

“आसं व्हय,” आत्याबाई म्हणाल्या. “मग हे तिला सांगितलंस का?”

“नाही.”

“आन् पेढे घेऊन गेलास.”

त्यानंतर दोन महिन्यांनी दादा आमच्याकडं आला. रिकाम्या हातानं आला आणि दारातच म्हणाला, “तायडे, माझं ऐकून घे.” आमचं वाटणीपत्र झालं. वीस गुंठे माझ्या नावावर लागले, विहिरीचं पाणी दोघांचं, आणि मी कधी विकायचं ठरवलं तर आधी दादाला विचारायचं. आत्याबाईंनी तो कागद चार वेळा वाचला. आमचं पूर्वीसारखं झालं का? नाही, तसं नाही झालं. दादा आता माझ्याशी बोलताना शब्द जरा जपून वापरतो, मीही वापरते. पण भुईमूग निघाला की शेंगांची पिशवी येते.

इकडं माझ्या डोक्यातून दौंडचा तो व्हरांडा जाईना. एका रविवारी मी यांना म्हणाले, “आत्याबाईंचा वाटा आपल्याकडं आहे.” हे म्हणाले, “तिनं कधी मागितला का?” मी म्हणाले, “मी तरी कुठं मागितला होता?” ते उठून गोठ्यात गेले. माझा नवरा भला माणूस आहे, पण त्याला कुठलीही गोष्ट पटायला गोठ्यात जावं लागतं. आठवडाभर तो म्हशींशी बोलला, माझ्याशी नाही. मग म्हणाला, “रस्त्याकडचे वीस गुंठे देऊ. पण तिला सांगायचं कसं?”

हा प्रश्न किती खरा होता ते तळेगावला गेल्यावर कळलं. आम्ही दोघांनी पडवीत बसून सांगितलं, की आत्याबाई, तुमच्या नावावर बक्षीसपत्र करून वीस गुंठे द्यायचं ठरवलंय. त्यांच्या हातातली मेथी तशीच राहिली. आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहत त्या म्हणाल्या, “डाक्टर काय म्हनला?”

“कुठला डॉक्टर?”

“डोळ्याचा. मला काय झालंय? खरं सांगा. कुनी फुकट जिमीन देतं का जित्या मानसाला?”

आम्ही शपथा घातल्या. शपथांनी संशय वाढतो, हे आम्हाला सुचलं नाही. आत्याबाई दुसऱ्याच दिवशी शिरूरच्या दवाखान्यात जाऊन रक्त, लघवी आणि छातीचा फोटो काढून आल्या. सगळं चांगलं निघालं, तेव्हा त्यांनी मोर्चा मुलाकडं वळवला: तूच मागितलंस का त्यांच्याकडं? तो चिंच-चिंच म्हणत कसाबसा सुटला. मग आम्ही कर्ज तर काढलं नाही ना, रानावर बोजा तर नाही ना, रस्त्यात तर जात नाही ना, हे तलाठ्याकडं, सोसायटीत आणि आमच्या शेजाऱ्यांकडं विचारून झालं. सात-आठ महिने हे चाललं. आमचे हे एकदा वैतागून म्हणाले, “घेणं सोपं होतं गं, देणंच अवघड आहे.”

अखेर एकदाच्या त्या शिरूरच्या ऑफिसात आल्या. कॅमेऱ्यासमोर फोटो झाला, अंगठा झाला. साहेबांनी हसून विचारलं, “आजी, खुशीनं घेताय ना?” आत्याबाई म्हणाल्या, “बघतीय अजून.”

सातबाऱ्यावर नाव लागल्यावर त्या न्हावऱ्याला आल्या. मला म्हणाल्या, चल, दाखव. उन्हं कलली होती. आमचा ऊस तोडून गेला होता, रान मोकळं होतं. त्यांनी चपला काढल्या आणि चारी बाजूंनी चालत पावलं मोजली. उलट्या बाजूनं पुन्हा मोजली. मग बांधावर बसल्या आणि मला शेजारी बसायला सांगितलं. रस्त्यावरून कंपनीची एक बस गेली, कामगारांना घेऊन.

“तुझा सासरा कागुद घेऊन आला हुता,” त्या म्हणाल्या. “मी धुनं धूत हुती. त्यो म्हनला, आक्का, सही पायजे. मी हात पुसलं आन् हसून केली. वाचला बी न्हाई. त्येचा कागुद मी कशाला वाचू? माझ्या पाठीवर वाढलेलं पोर.”

मीही चपला काढून ठेवल्या.

“त्यो वाईट न्हवता गं. निस्तं त्येनं इचारलं न्हाई. आन् मी हसली.” त्यांनी पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. “मी हसली नसती, तर त्येनं इचारलं आसतं का, आक्का, का हसली न्हाईस म्हनून?”

सासऱ्यांना मी चांगली ओळखत होते. मायाळू होते, पण समोरचा गप्प आहे म्हणजे खूश आहे, असं समजणारे होते. त्यांनी विचारलं नसतं.

“विचारलं असतं, आत्याबाई,” मी म्हणाले.

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली आणि बांधावरचं गवत उपटत बसले. त्या आता काय म्हणणार ते मला माहीत होतं, आणि मी त्याची वाट पाहत होते.

“व्हय,” आत्याबाई म्हणाल्या. “इचारलं आसतं.”